पेरणी आणि डिपॉझिट एकाच महिन्यात: पुण्यात भाड्याचा फ्लॅट शोधणाऱ्या गावाकडच्यांसाठी

मे महिना सरत आला की माझ्या फोनवर दरवर्षी तेच बोलणं सुरू होतं. "सर, पोराले पुण्यात नोकरी लागली. कोनी वयखीचं हाय का? खोली पाहून द्या ना." मी दिग्रस तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहे. आधी पुतण्यासाठी, मग माझ्या मुलीसाठी आणि त्यानंतर शाळेतून शिकून गेलेल्या कितीतरी पोरांसाठी मी पुण्यात घरं पाहिली. चुका केल्या, पैसेही घालवले. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढतो आहे.

आपल्याकडचा माणूस वावर मक्त्यानं घेताना किती चौकस असतो ते मी रोज पाहतो. सातबारा कोणाच्या नावावर आहे, धुरा कुठून कुठपर्यंत आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, पैसे एकदम द्यायचे की अर्धे पेरणीला आणि अर्धे कापूस निघाल्यावर, हे सगळं तो विचारतो. तोच माणूस पुण्यात गेला की चकचकीत फरशी आणि लिफ्ट पाहून दबतो आणि एजंट म्हणेल त्याला मान डोलावतो. फ्लॅटही मक्त्यासारखाच घ्यायचा असतो. विचारायचे प्रश्न तेच आहेत, कागदांची नावं तेवढी वेगळी.

पैसा सोयाबीनच्या वेळी बाजूला काढा

पहिलं काम घर शोधायचं नाही, पैशाचा मेळ घालायचं आहे. कॉलेजं आणि बऱ्याच कंपन्यांची भरती जून-जुलैमध्ये होते आणि नेमकं तेव्हाच आपल्या घरात बियाणं, खत, मजुरी यांसाठी पैसा लागतो. मार्चअखेर पीककर्ज भरून घर मोकळं झालेलं असतं, नवीन कर्ज हातात पडायचं असतं. मृगाचं पाणी पडलं की पेरणी थांबत नाही. तिकडं पोरगा फोन करून म्हणतो, "बाबा, आज टोकन म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम नाही दिली तर घर जाईल." अशा वेळी शेकडा तीन-पाच टक्के महिन्यानं उचललेला सावकारी पैसा पुढं वर्षभर घर पोखरतो. मी हे दोन घरांत पाहिलं आहे.

म्हणून ज्या घरातलं लेकरू पुढच्या वर्षी पुण्याला जाणार आहे, त्यांनी दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा चुकारा आला की किंवा हिवाळ्यात कापूस विकला की डिपॉझिटची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून द्यावी. किती लागेल? एक हिशेब करून दाखवतो. समजा चार पोरांनी मिळून दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि भाडं २०,००० ठरलं. दोन महिन्यांचं डिपॉझिट ४०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं २०,०००, एजंट असेल तर त्याचं साधारण एक महिन्याचं भाडं म्हणजे २०,०००, आणि करारनोंदणीचे तीन-एक हजार. झाले ८३,०००, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जवळपास २१,०००. यात गादी, बादली, कुकर, शेगडी आणि पहिला पगार होईपर्यंतचं जेवण धरलेलं नाही. त्यासाठी दहा-बारा हजार आणखी ठेवा. डिपॉझिटची रक्कम मालकागणिक बदलते. काही जण तीन महिन्यांचं किंवा त्याहून जास्त मागतात, म्हणून थोडा पैसा हाताशी जास्तच असू द्या.

शिकणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो, कारण ती माहीत नसल्यानं हक्काचा पैसा जातो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घरांतल्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी समाजकल्याण विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-नागपूरसारख्या शहरांत शिकणाऱ्याला राहणं, जेवण आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पैसा उशिरा येतो, त्यामुळं डिपॉझिट त्यावर अवलंबून ठेवू नका. पण आधी वसतिगृहाचा अर्ज करा, नंबर लागला नाही तर योजनेचा करा. दोन्ही अर्जांच्या मुदती वेळेत पाहा.

ट्रॅव्हल्स जिथं थांबते तिथं घर घेऊ नका

यवतमाळ-वाशिमकडची ट्रॅव्हल्स नगर रोडनं पुण्यात शिरते आणि पहाटे वाघोलीला थांबते. तिथं आपल्याकडची बरीच माणसं आहेत, ओळखी निघतात. मग मामाच्या पोरानं वाघोलीतच फ्लॅट पाहून दिला म्हणून घरचे निश्चिंत होतात. नोकरी असते हिंजवडीला. वाघोली शहराच्या पूर्व टोकाला, हिंजवडी पश्चिम टोकाला. मधलं अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आणि रस्ता सगळा गर्दीचा. माझ्या एका विद्यार्थ्यानं चार महिने हा प्रवास केला. रोज साडेतीन-चार तास त्याचे रस्त्यावर जायचे. शेवटी डिपॉझिटातून एक महिन्याचं भाडं सोडून त्यानं घर बदललं.

आधी कामाचं ठिकाण नक्की करा, अगदी इमारतीसकट. नुसतं "हिंजवडी" म्हणून चालत नाही, फेज एक आणि फेज तीनमध्येच पुष्कळ अंतर आहे. हिंजवडीला नोकरी असेल तर वाकड, ताथवडे, पुनावळे, मारुंजी, माण पाहा. खराडीच्या आयटी पार्कला असेल तर चंदननगर, वडगाव शेरी, केशवनगर आणि तेव्हा वाघोलीही चालेल. मगरपट्ट्याला असेल तर हडपसर, मांजरी, फुरसुंगी. आयटीआय करून चाकणच्या कारखान्यांत लागलेल्या पोरांनी चाकण, मोशी, भोसरीकडं पाहावं. रांजणगावला लागलेल्यानं पुणे शहराचा विचारच करू नये, तिथं किंवा शिरूरला राहावं. कॉलेजच्या मुलांसाठी कर्वेनगर, कोथरूड, धनकवडी, आंबेगाव. एमपीएससी करणाऱ्यांना फ्लॅटची गरजच नसते. सदाशिव पेठ, नवी पेठ या भागात कॉटवर जागा मिळते आणि अभ्यासिका, मेस पायी अंतरावर असते.

मेट्रो वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट या मार्गांवर धावते. घर आणि काम दोन्ही या मार्गांच्या जवळ असतील तर थोडं जास्त भाडं देणं परवडतं, कारण गाडी आणि पेट्रोल वाचतं. पीएमपीच्या बसचा पास स्वस्त पडतो. कोणताही भाग ठरवण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिथून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन पाहा. रविवारी दुपारी पाहिलेला रस्ता सोमवारी ओळखू येत नाही.

नागपूरला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: मिहानला काम असेल तर खापरी, बेसा, बेलतरोडी, मनीषनगर हा वर्धा रोडकडचा पट्टा, हिंगणा एमआयडीसीला असेल तर वाडी, हिंगणा, त्रिमूर्तीनगर. बाकी पुढं सांगतो ते सगळं नागपूरलाही लागू आहे, कायदा राज्याचाच आहे.

शोध: गावात बसून पैसे पाठवू नका

नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग अशा ॲपवर आणि फेसबुकच्या गटांवर जाहिराती असतात. भाड्याचा अंदाज यायला त्या चांगल्या. एकाच भागातली वीस घरं मोबाइलवर पाहिली की तिथला भाव कळतो, आणि जे घर त्याहून फारच स्वस्त दिसतं त्यात काहीतरी गडबड असते.

माझ्या पुतण्याच्या वेळी मी स्वतः फसलो. जाहिरातीत फोटो सुंदर होते, भाडं निम्मं. फोनवरचा माणूस म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली, घर रिकामं आहे, ओळखपत्र पाठवतो. ओळखपत्र पाठवलंही. "सोसायटीच्या गेटपाससाठी पाच हजार भरा, घर पाहिल्यावर परत देतो." मी भरले. पुण्यात पोहोचलो तर त्या सोसायटीत त्या नंबरचा फ्लॅटच नव्हता. ते पैसे आमच्या घरातले तुरीचे होते, आजही आठवलं की जीव जळतो.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. घर पायानं जाऊन, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, मग तो टोकनचा असो, गेटपासचा असो की घर दाखवण्याचा. "पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असं कोणी म्हणालं तर फोन बंद करा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. फसगत झालीच तर लगेच, त्याच तासात १९३० या नंबरवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

खरं घर बहुतेक वेळा पायी फिरूनच मिळतं. आठ दिवस ओळखीच्याकडे किंवा पीजीत राहायची सोय करा. ज्या भागात राहायचं आहे तिथं संध्याकाळी फिरा. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला विचारा. सोडून जाणारे भाडेकरू साधारण महिनाभर आधी सांगतात, म्हणून महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात रिकामी होणारी घरं कळतात. वॉचमनच्या ओळखीनं घर मिळालं तर त्याला काहीतरी द्यावं लागतं, पण ते एजंटपेक्षा कमी असतं. एजंट घेतलाच तर त्याची रक्कम आधी ठरवा आणि करार झाल्याशिवाय पूर्ण देऊ नका. अकरा महिन्यांनी त्याच घराचा करार पुन्हा झाला तर तो परत पैसे मागणार का, हेही विचारून ठेवा.

घर पाहायला जाताना

शक्य असेल तर घरातलं एक मोठं माणूस सोबत न्या. बाप, काका, मोठा भाऊ, कोणीही. मालक चार पोरांना जे उत्तर देतो ते मोठ्या माणसाला देत नाही. आई गेली तर आणखी बरं. माझ्या मुलीच्या घराला तिच्या आईनं स्वयंपाकघरात उभं राहून जे पाहिलं ते मला दिसलंच नव्हतं. ओट्याखाली ओल होती, मोरीतून वास येत होता आणि खिडकी उघडली की समोर कचऱ्याचा डबा.

पाणी सगळ्यात आधी. आपल्याला वाटतं की पुण्यात पाणीच पाणी आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे वाकड, ताथवडे, पुनावळे, मोशी या भागांत, नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांमधल्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये, म्हणजे सोसायटीच्या देखभालीच्या आकारात येतात की भाडेकरूकडून वेगळे घेतात, ते विचारा. स्वयंपाकघर आणि बाथरूमचे नळ एकाच वेळी उघडून पाहा. पिण्याचं पाणी वेगळं आहे की बोअरचंच, ते विचारा. मालकाला विचारून झालं की खाली येऊन वॉचमनला तोच प्रश्न विचारा. दोन उत्तरं वेगळी आली तर वॉचमनचं खरं धरा.

दुसरी ओल. आपलं ऊन कोरडं असतं, भिंतीला ओल म्हणजे काय ते आपल्या पोरांना माहीत नसतं. पुण्यात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, आणि कच्च्या कामाच्या इमारतीत भिंतींना बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये घर पाहत असाल तर खिडकीखालचा, छताच्या कोपऱ्यातला आणि बाथरूमला लागून असलेला भिंतीचा भाग हातानं दाबून पाहा. रंगाचे पोपडे सुटलेले असतील किंवा एकाच पट्ट्यात नवा रंग दिला असेल तर पावसाळ्यात तिथून पाणी उतरतं. मधल्या मजल्याचं, सकाळी ऊन येणारं घर घ्या.

मोबाइलला घरात रेंज आहे का, घरून काम करायचं असेल तर कोणत्या कंपनीचं इंटरनेट येतं, लिफ्टला जनरेटर आहे का, दुचाकी लावायला जागा आहे का, ही चौकशी दहा मिनिटांत होते. गाडी एमएच २९ असो की एमएच ३०, राज्यातल्या राज्यात वेगळा कर लागत नाही, घेऊन जा. गॅस पाइपचा आहे की सिलेंडरचा, ते पाहा. सिलेंडरचा असेल आणि कनेक्शन नसेल तर सुरुवातीला ५ किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो.

मालक कोण, ते कागदावर पाहा

इथं आपली पोरं सगळ्यात जास्त संकोचतात. कागद मागितला तर मालक रागावेल, घर हातचं जाईल असं त्यांना वाटतं. सातबारा दाखवा म्हटल्यावर गावात कोणी रागावत नाही. पुण्यातला चांगला मालकही रागावत नाही, तो स्वतः तुमचं आधार आणि कंपनीचं पत्र मागतोच.

फ्लॅटचा सातबारा म्हणजे सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. खरेदीखताची नोंदणी झाली की तो निघतो आणि त्यावर घेणाऱ्याचं नाव असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधताही येतो. त्याशिवाय महावितरणचं वीजबिल, महापालिकेची घरपट्टीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, यांतले दोन कागद पाहा आणि नाव मालकाच्या आधारशी जुळवा. वीजबिलावर थकबाकी आहे का तेही दिसतं. नाव वडिलांचं, बायकोचं किंवा परदेशातल्या भावाचं निघालं तर करार त्या माणसाशी व्हायला हवा, किंवा समोरच्याकडे नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र हवं. स्वतः भाडेकरू असलेला माणूस मालक बनून दुसऱ्याला घर देतो, असं घडतं. भाडं आणि डिपॉझिट करारात ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात टाका.

"भाडंच नको, फक्त पाच लाख डिपॉझिट द्या, सोडताना सगळे परत" असं कोणी म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. दोन पैसे वाचतील म्हणून बापानं वावर गहाण ठेवून दिलेली रक्कम अशात अडकली तर घर उभं राहत नाही.

बोलणी

"बॅचलर चालत नाहीत" हे वाक्य वीस वेळा ऐकावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, पुढं चला. सगळे एकाच कंपनीतले किंवा एकाच गावचे असाल तर ते आधी सांगा, वडिलांचा नंबर द्या, त्यानं फरक पडतो. मटण-मासळी खाता का, असं विचारलं तर खरं सांगा. लपवून राहिलं तर रोज भीतीत जेवावं लागतं.

आडनाव विचारलं जाईल, आणि ते ऐकून काही ठिकाणी घर अचानक "दिलं गेलेलं" निघेल. माझ्या हुशार, गुणी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे झालं आहे आणि ते सांगताना त्यांचा आवाज कसा व्हायचा ते मी विसरलेलो नाही. हे चूक आहे, आणि त्यात त्या पोरांचा काहीही दोष नाही. खोटं आडनाव मात्र सांगू नका, करारावर आधार लागतोच. ज्या दारात असा प्रश्न आला तिथून निघा. ज्या मालकाला तुमच्या आडनावाशी देणंघेणं नाही तो शोधायला दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. आधीच्या विद्यार्थ्यांना ज्या मालकांनी सन्मानानं ठेवलं, त्यांचे नंबर मी जपून ठेवतो, तुम्हीही ठेवा. पुढच्या पोराला उपयोगी पडतात.

भाडं थोडं कमी करून मागायला लाजू नका. पण भाड्यापेक्षा महत्त्वाची चार-पाच बोलणी असतात. मेंटेनन्स भाड्यात धरलं आहे की वेगळं? भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जो जादा आकार घेते तो मालकानं भरायचा असतो, आणि २००१ च्या शासन आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. किती महिने घर सोडता येणार नाही? सोडताना नोटीस किती दिवसांची? रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, कापणार तर किती? डिपॉझिट किती दिवसांत परत? ही उत्तरं तोंडी गोड असतात. जे ठरेल ते तिथंच व्हॉट्सॲपवर मालकाला लिहून पाठवा आणि "बरोबर आहे ना?" असं विचारा. त्यानं हो म्हटलं की करारात तेच घालायला सांगा.

करार नोंदवलेलाच हवा

एजंट सांगेल, "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी करून टाकू, पैसे वाचतील." दुसऱ्या कितीतरी राज्यांत वर्षाच्या आतल्या भाडेकराराला नोंदणी सक्तीची नाही, त्यातूनच अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध केलं नाही तर. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तोच नोंदणीला तयार होतो.

माझ्या मुलीचा पहिला करार नोटरीचाच होता. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. कंपनीनं तो घरभाडे भत्त्यासाठी घेतला नाही, बँकेनं पत्त्याचा पुरावा म्हणून नाकारला.

खर्च किती? मुद्रांक शुल्क म्हणजे करारभराचं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेली रक्कम, या बेरजेच्या ०.२५ टक्के. वरच्याच उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं २,२०,००० आणि डिपॉझिटवरचे साधारण ३,७००, म्हणजे शुल्क ५६० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण हद्दीत ५००. ऑनलाइन नोंदणीचे कागद हाताळणीचे ३०० धरा. सगळं मिळून सरकारी खर्च दोन हजारांच्या आत राहतो, वर जे मागतात ती एजंटची मजुरी. ती किती, ते आधी विचारा. खर्च कोणी करायचा ते बोलून ठरतं, अर्धा-अर्धा ही चांगली रीत आहे.

नोंदणीसाठी कुठं रांगेत उभं राहावं लागत नाही. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचं आधार आणि अंगठा लागतो, मालक-भाडेकरूचं पॅनही द्यावं लागतं. आपल्याकडच्या पोरांचे अंगठे कधीकधी उमटत नाहीत. वेचणी, फवारणी, निंदणानं बोटं घासलेली असतात. जाण्याआधी तालुक्याच्या आधार केंद्रात बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या, आधारला चालू मोबाइल नंबर जोडा.

चौघे राहणार असाल तर चौघांची नावं करारात घाला. एकाच्याच नावावर घेतलं आणि तो सहा महिन्यांत बंगळुरूला गेला तर बाकीचे तिघं कागदावर कोणीच नसतात. अंगठा देण्याआधी मसुदा पूर्ण वाचा. भाडं, डिपॉझिट, नोटीस, रंग, तारीख, सगळं बोलल्याप्रमाणं आहे का ते व्हॉट्सॲपच्या निरोपाशी ताडून पाहा. इंग्रजीत असेल आणि कळत नसेल तर मला किंवा गावातल्या शिकलेल्या कोणालाही पाठवा, एक रात्र थांबल्यानं काही बिघडत नाही. नोंदणी झाल्यावर दस्त क्रमांकासह प्रत मागून घ्या आणि एक प्रत घरी पाठवून द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे, ते झालं का ते विचारा.

करार संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपून घरात राहिलं आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे घर रिकामं करून देण्याचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं गेला तर त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट भाड्यानं भरपाई द्यावी लागू शकते. महिनाभर आधीच नवीन करार करा.

किल्ली घेताना

सामान आत नेण्याआधी संपूर्ण घराचं व्हिडिओ करा, प्रत्येक डाग, फुटलेली फरशी, गळका नळ त्यात यायला हवा. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. पंखे, गीझर, दिवे, कपाटं किती आहेत ते लिहून मालकाला त्याच दिवशी पाठवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि अकरा महिन्यांनी त्याचाच आधार असतो.

भाडं रोख द्यायचं नाही. द्यावंच लागलं तर पावती घ्या, ती देणं कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. आयकराच्या जुन्या कररचनेत घरभाड्याची सूट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचं पॅन लागतं. करारात ते असतंच.

सोबत्यांमध्येही हिशेब लिहिलेला असावा. एक जण कापूस वेचणीला महिनाभर गावी गेला तर त्यानं भाडं द्यायचं, पण मेसचं आणि विजेचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. बालपणीची मैत्री दीड हजाराच्या वीजबिलावरून तुटलेली मी पाहिली आहे. डिपॉझिटमध्ये कोणाचे किती, ते चौघांनी लिहून फोटो काढून ठेवा. मधेच कोणी गेला तर नवा येणारा जाणाऱ्याला पैसे देतो, मालकाकडून मागायचे नसतात. नव्याचं नाव करारात घ्यायला विसरू नका.

सोडताना

नोटीस लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी चालते, पण तारखेसकट. दिवाळीच्या सुट्टीत गावी येऊन तिथूनच फोनवर "आता येत नाही" असं कळवू नका, डिपॉझिट तिथंच अडकतं. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटातून वळतं करायला मालक तयार असेल तर ते सगळ्यात सोपं, पण त्याची लेखी संमती घ्या. शेवटचं वीजबिल भरा, घर झाडून-पुसून द्या, सुरुवातीचा व्हिडिओ मालकाला दाखवत एकेक खोली सोबत फिरा. झालेलं नुकसान आपलं असेल तर कबूल करा. जुनंच असेल तर व्हिडिओ बोलतो.

भांडण होऊन मालकानं पाणी किंवा वीज तोडली तर ते त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार करता येत नाही, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. डिपॉझिट दिलंच नाही तर वकिलाची नोटीस पाठवावी लागते. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. नोंदवलेला करार आणि बँकेतून गेलेलं डिपॉझिट हातात असेल तर बहुतेक मालक नोटीस मिळताच पैसे देतात. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे असेच मिळाले.

किल्ली देताना दोन्ही संच मोजून द्या, मालकाकडून "घराचा ताबा मिळाला, डिपॉझिट इतकं परत केलं" एवढ्या दोन ओळी लिहून सही घ्या, आणि पैसे खात्यात आल्याचा संदेश आल्यावरच सामानाच्या गाडीत बसा.